झाकणावरची नावं

नाझनीन हुशार आहे, हे मी सुरुवातीलाच कबूल करून टाकतो. म्हणजे पुढं मी तिच्याबद्दल जे बोलेन ते ऐकून कुणी मला समजवायला येऊ नये. ती हुशार आहे, वागायला गरीब आहे, मला काका म्हणते आणि फोन ठेवताना 'जपून जा' असं सांगते. यातली एक जरी गोष्ट खोटी असती तर मला तिचा एवढा राग आला नसता.

मी मलप्पा. राहायला लातूरला, गंजगोलाईच्या मागं. काम मात्र लातूर आणि नांदेड दोन्ही जिल्ह्यांत. रुग्णवाहिकांच्या वायरलेसचे टॉवर सांभाळायचं कंत्राट आमच्या कंपनीकडं आहे आणि एकवीस वर्षं मी तेच करतोय. गाडीतला माणूस दूरच्या वस्तीवरून बोलतो तेव्हा त्याचा आवाज टॉवरपर्यंत येता येता पार दमून गेलेला असतो. म्हणून टॉवरच्या टोकाला जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी बसवलेली असते, तिला आम्ही ॲम्प म्हणतो. तो दमलेला आवाज ती वरच्या वर मोठा करते आणि मग केबलमधून खाली सोडते. खालच्या खोलीत दुसरी पेटी असते. वरचा ॲम्प किती करंट खातो यावर ती डोळा ठेवून बसते. ठरलेल्या लिमिटच्या पुढं करंट गेला की लाल दिवा लागतो, बझर कोकलतो आणि नांदेडच्या ऑफिसात अलार्म जातो.

या खालच्या पेटीच्या झाकणावर आम्ही आतल्या बाजूनं नावं लिहितो. ही पद्धत मी आणि वकारनं पाडली. वकार वर चढायचा, मी खाली कानाला हेडफोन लावून बसायचो आणि नुसत्या खरखरीवरून सांगायचो, ॲम्प गेलाय की केबल जोडायचा कनेक्टर सैल आहे. ज्यानं दोष शोधला त्याचं नाव, तारीख आणि दोष काय होता ते काळ्या मार्करनं एका ओळीत लिहायचं. हल्ली त्या झाकणाचा फोटो काढून कंपनीच्या ग्रुपवर टाकतात, तेव्हा कुठं काम झालं असं धरतात. मुखेडच्या माळावरच्या टॉवरचं झाकण तर माझंच म्हणा ना. चौदा ओळी माझ्या, तीन वकारच्या. लोक घरात भिंतीला सर्टिफिकेटं लावतात, माझी तिथं आहेत.

मग वकारचे गुडघे गेले आणि तो नांदेडला घरी बसला. त्याची मुलगी इंजिनिअर झाली होती. तिला कंपनीत घ्या म्हणून अण्णाराव साहेबांकडं शब्द मीच टाकला. दोन वर्षं झाली त्याला. माझ्या हातानं मी माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला.

नाझनीन ऑफिसात बसते. तिच्यापुढं फक्त अलार्म येतात, कुठल्या टॉवरचा, कधी आला, कधी गेला. तेवढ्यावरून ती दोष सांगायला लागली. अर्धापूरला मी दोन दिवस झटत होतो. केळीच्या बागांतून चिखल तुडवत जायचो आणि यायचो, दोष काही हाती लागत नव्हता. तिसऱ्या दिवशी तिनं फोनवर विचारलं, "काका, खोलीतला पंखा लावला की अलार्म येतो का?" मी पंखा लावला. अलार्म आला. अर्थिंगची तार तुटली होती. कंधारला तर तिनं मी पोचायच्या आधीच सांगून टाकलं आणि ते तसंच निघालं.

मीटिंगमध्ये साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "मलप्पा, आता तुला डोस्कं चालवायचं कामच न्हाई बघ. ती सांगंल तो नट आवळायचा." सगळे हसले. मीही हसलो. नाझनीन तेवढी हसली नाही, खाली मान घालून बसली. तिच्या त्या न हसण्याचाच मला जास्त राग आला.

जूनमध्ये मी मुखेडच्या खोलीचं कुलूप उघडलं, पेटीचं झाकण वर केलं आणि माझ्या चौदा ओळींखाली एक नवी ओळ दिसली. 'नाझनीन. १२ जून. फ्यूज सैल.' अक्षर सुदर्शनचं होतं. वकारनंतर टॉवरवर तोच चढतो, दोन लेकरांचा बाप आहे, कामाला वाघ.

"ती तर हितं आलीबी न्हाई कधी," मी मागं उभ्या सुदर्शनला म्हणालो.

"पर शोधलं तर तिनंच ना, मलप्पाभाऊ. पद्धत तुमचीच हाय."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बायकोनं, कमलम्मानं, दोनदा विचारलं, मी सांगितलं पित्त झालंय. ती उदगीरची आहे, बोलायला फटकळ, आणि तिला माझं पित्त ओळखता येतं. "अय्यो, लेकीच्या वयाची हाय ती," ती म्हणाली. "तिचं चांगलं झालं की तुमच्या पोटात दुखून राहिलं. कसलं पित्त अन् कसलं काय." मी ताटावरून उठलो.

नोव्हेंबरच्या शेवटी मुखेडचा अलार्म सुरू झाला. सकाळी सातला यायचा आणि अकराच्या सुमाराला आपोआप जायचा. चार दिवस असं चाललं तेव्हा मला आणि सुदर्शनला तिकडं पाठवलं. आम्ही पोचलो आणि नाझनीनचा फोन आला.

"काका, ॲम्प ठीक असणार. सकाळी दव पडतं तेव्हाच करंट वाढतोय आणि ऊन तापलं की उतरतोय. वरच्या कनेक्टरात पाणी शिरलंय असं वाटतंय. तेवढा नवा घालून टेप गुंडाळायला सांगा."

मी हेडफोन लावला. तापल्या तेलात पाण्याचा थेंब पडावा तशी बारीक चरचर ऐकू येत होती. ही चरचर मी एकवीस वर्षं ऐकतोय. कनेक्टरात पाणी. मला अर्ध्या मिनिटात कळलं की पोरगी बरोबर आहे. आणि ती बरोबर आहे म्हणजे झाकणावर पुढची ओळ तिची लागणार, हेही कळलं. फोन आधी आला नसता तर तीच ओळ माझी होती. माझ्या कानांनी जे ओळखलं ते तिनं अलार्मच्या नुसत्या वेळा बघून आधी ओळखलं होतं.

"न्हाई," मी फोनवर म्हणालो. "ॲम्प गेलाय. आवाजावरून कळून राहिलंय."

"तुम्ही तिथं आहात काका. तुम्हाला जास्त कळतंय."

सुदर्शन नवा ॲम्प घेऊन वर चढला. वरून वॉकीटॉकीवर त्यानं विचारलं, "कनेक्टर खोललाच हाय तर नवा घालू का, भाऊ?" मी सांगितलं, तोच राहू दे. नवा कनेक्टर घालणं म्हणजे तिचं ऐकणं झालं असतं. दुपारचा एक वाजला होता, ऊन कडक होतं, उघडा कनेक्टर तासभर उन्हात वाळला. परत जोडला आणि चरचर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी अलार्म आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

'मलप्पा. २७ नोव्हेंबर. ॲम्प खराब.' ही ओळ मी जरा मोठ्या अक्षरांत लिहिली. फोटो ग्रुपवर गेला. साहेबांनी लिहिलं, 'अनुभव तो अनुभव.' त्याखाली नाझनीननं लिहिलं, 'काका बरोबर होते. माझं चुकलं.' मी मुखेडच्या स्टँडवर दोन प्लेट भजी खाल्ली आणि तो मेसेज पाच वेळा वाचला. काढलेला जुना ॲम्प नाझनीननं नांदेडला मागवून घेतला, तो मी आनंदानं पाठवून दिला.

संध्याकाळी वकारचा फोन आला. "जिंकलास म्हणं, यारा," तो म्हणाला. "पोरगी रडली-बिडली न्हाई, पर जेवलीबी न्हाई." मग आम्ही दोघं त्याच्या गुडघ्यांविषयी बोलत राहिलो. मला बरं वाटत होतं, अगदी खरं सांगतो. कुणीतरी माझ्यासारखं न जेवता झोपणार होतं.

अकरा डिसेंबरला मुखेडवरून जात होतो. बाजाराचा दिवस, रस्त्यात बैलं आणि टेम्पो. उगाच वाट वाकडी करून माळावर गेलो. माझी ओळ बघायला गेलो होतो, दुसरं काही काम नव्हतं. खोलीचं दार उघडलं तर आत बझर कोकलत होता. सकाळचे आठ वाजले होते. झाकण उघडलं. लाल दिवा माझ्या नावाच्या बरोबर समोर लागला होता.

अलार्म दहा मिनिटं टिकला तरच नांदेडला जातो, तशी सोय आहे. तो कधी सुरू झालाय ते मला माहीत नव्हतं. दहा मिनिटं पुरी झाली की नाझनीनला कळणार, की चौदा दिवसांत तोच अलार्म त्याच वेळेला परत आला. साहेबांना कळणार. ग्रुपला कळणार. माझी ओळ खोटी ठरणार आणि तिची खरी.

लिमिट एकशेऐंशी मिलीअँपिअरवर होतं. सगळ्या टॉवरना तेच आहे, मी आणि वकारनं बसून ठरवलेलं. वकार म्हणायचा, "याच्यावर गेलं की समज, वर कायतरी खोटं चालू हाय." मी दोन बटणं दाबून धरली आणि आकडा वर नेला. दोनशे. दोनशेवीस. बझर थांबेना. तीनशेवर नेऊन ठेवला तेव्हा कुठं दिवा विझला. खोलीत एकदम शांत झालं. मी झाकण लावलं, कुलूप घातलं आणि बाजारातून घरी संत्री घेऊन गेलो.

मी काय केलं ते मला त्याच वेळी ठाऊक होतं. कनेक्टरातलं पाणी सुकणार नव्हतं, ते रोज थोडं वाढणार होतं. त्यात आवाज मुरत जाणार. टॉवर बोलत राहतो, गाड्यांना त्याचं सगळं ऐकू येतं, पण गाड्यांचं टॉवरला ऐकू येत नाही. बहिरा होत जातो. मी मनाशी ठरवलं होतं की पुढच्या आठवड्यात काहीतरी निमित्त काढून जाईन आणि गुपचूप कनेक्टर बदलून टाकेन. आठवडा गेला. निमित्त सापडलं नाही, कारण मी शोधलंच नाही.

एकवीस तारखेला साहेबांनी सगळ्यांना नांदेडला बोलावलं. मीटिंगला एक नवीन बाई होती, बुद्धप्रिया नाव, रुग्णवाहिकेवरची नर्स. दोन दिवसांपूर्वी मुखेडच्या पुढच्या एका तांड्यावरून ती बाळंतपणाची बाई घेऊन निघाली होती. रस्त्यात गाडीतच बाळ झालं आणि बाईचं रक्त थांबेना. तिथं मोबाइलला रेंज नाही. ती चाळीस मिनिटं वायरलेसवर डॉक्टरला बोलावत होती.

"मला तुमचं सगळं ऐकू येत होतं," बुद्धप्रिया म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "तुम्ही दुसऱ्या गाडीशी बोलत होता. कुणीतरी चहा आला का विचारलं, तेबी ऐकलं मी. माझंच कुणी ऐकत नव्हतं. बाई वाचली. पण तुमच्यामुळं न्हाई वाचली."

साहेब नाझनीनकडं वळले. "अलार्म बघायचं काम तुझं. टॉवर बहिरा झाला, तू काय करत होतीस?"

"अलार्म आला नाही, साहेब."

"आला न्हाई का तू बघितला न्हाई?"

ती उभी होती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. "आला नाही," ती परत म्हणाली, पण आता तिच्या बोलण्यात तो भरवसा नव्हता. साहेबांनी सांगितलं, "उद्या स्वतः मुखेडला जा. कारण सापडलं तर ठीक, न्हाई तर नव्या वर्षात तुझी खुर्ची दुसऱ्याला."

दोन वर्षं मला हेच हवं होतं. ती उभी, मी बसलेलो आणि साहेबांचा आवाज तिच्यावर. मी टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडं बघत राहिलो. तोंड उघडलं नाही. हेही कबूल करून टाकतो.

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये पुढं सुदर्शन, मागं मी आणि ती. तिनं घरून डबा आणला होता, वकारनं माझ्यासाठी वेगळ्या भाकरी आणि लसणाची चटणी द्यायला लावली होती. माझ्या घरी मांसमच्छी चालत नाही, हे तो घरात सगळ्यांना लक्षात ठेवायला लावतो. मी भूक नाही म्हणालो.

मुखेडला पोचल्यावर सुदर्शन पट्टे बांधून वर चढायला लागला. साठ मीटर आहे तो टॉवर. आम्ही दोघं खोलीत गेलो. तिनं झाकण उघडलं आणि आधी दिव्याकडं न बघता झाकणाकडंच बघितलं. तिनं ते प्रत्यक्ष कधीच पाहिलेलं नव्हतं. बोट सगळ्यात वरच्या ओळीवर गेलं.

"अब्बांचं अक्षर," ती म्हणाली. मग हळूहळू खाली आली, माझ्या सगळ्या ओळी वाचत. स्वतःच्या ओळीशी थांबली नाही. माझ्या शेवटच्या ओळीशी थांबली. मग बटणं दाबून तिनं लिमिट बघितलं.

तीनशे.

तिनं आकडा एकशेऐंशीवर आणला. लाल दिवा लागला, बझर कोकलायला लागला. तिनं हात पुढं करून बझर बंद केला आणि माझ्याकडं बघितलं. या खोलीच्या किल्ल्या दोनच, एक माझ्याकडं आणि एक सुदर्शनकडं.

"सुदर्शनचा हात लागला आसंल," मी म्हणालो. म्हणजे माझं तोंड बोललं. बाहेर तो माणूस माझ्यावर भरवसा ठेवून एका पट्ट्याला लटकत होता.

"सुदर्शनभाऊंना ही बटणं येत नाहीत, काका. मी फोनवरून शिकवायला गेले होते तर म्हणाले, मलप्पाभाऊंच्या पेटीला मी हात लावत न्हाई."

मी हेडफोनच्या वायरीचा गुंता सोडवायला लागलो.

"तुम्ही पाठवलेला जुना ॲम्प मी टेबलावर लावून बघितला होता," ती म्हणाली. "चांगला होता. एकदम चांगला."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमचं नाव लिहून झालं होतं." ती हे टोमणा म्हणून बोलली असती तर मी भांडलो असतो. "मला वाटलं, अलार्म परत येईल, मग तुम्हीच कनेक्टर बदलाल. रोज सकाळी सात ते अकरा मी स्क्रीनसमोरून उठले नाही. चहासुद्धा तिथंच घेतला. आला नाही. मग मला वाटलं, ॲम्प तपासतानाच माझं काहीतरी चुकलं असेल. तुमचा कान चुकत नाही, असं अब्बा म्हणतात."

वॉकीटॉकीवर सुदर्शन बोलला, "कनेक्टर खोलला. आतून हिरवा पडलाय सगळा. नवा घालतो." तिनं "हाव भाऊ, घाला" म्हणून उत्तर दिलं आणि पेटीवरचा मार्कर उचलला. टोपण काढलं. मग टोपण परत लावलं आणि मार्कर तिथंच ठेवून बाहेर गेली. टॉवरच्या पायथ्याशी मान वर करून सुदर्शनकडं बघत उभी राहिली.

लिमिटचं ती कुठंच लिहिणार नव्हती, हे मला कळलं. ती 'कनेक्टरात पाणी' एवढंच मी लिहिलं तरी चालवून घेणार होती, आणि कुणाचं नाव लिहायचं ते माझ्यावर सोडून गेली होती. मी माझं लिहिलं असतं तरी ती गप्प बसली असती. तिची खुर्ची गेली असती तरीही बसली असती. आणि या बाबतीतही ती माझ्यापेक्षा वरचढ निघाली म्हणून, बघा, त्या क्षणालासुद्धा माझ्या पोटात जळलं.

मी हेडफोन लावला. वर नवा कनेक्टर बसत होता, चरचर कमी होत होत थांबली. दूर कुठल्यातरी गाडीतला ड्रायव्हर नांदेडला सांगत होता की पेशंट उतरवला, आता परत निघतो. आवाज स्वच्छ होता. मी तो संपेपर्यंत ऐकला.

मग मार्कर घेतला. माझ्या २७ नोव्हेंबरच्या ओळीवर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं: 'नाझनीन. २२ डिसेंबर. कनेक्टरात पाणी. हे तिनं २७ नोव्हेंबरलाच सांगितलं होतं.' हात थांबला. अजून अर्ध्या ओळीची जागा उरली होती. तिथं लिहिलं: 'अलार्म आला नाही कारण लिमिट मलप्पानं वाढवलं.'

सुदर्शन खाली उतरला, घाम पुसत आत आला आणि सवयीनं फोटो काढायला मोबाइल वर धरला. फोटो काढला. मग वाचलं. बराच वेळ वाचत राहिला. नाझनीन दारात येऊन उभी होती.

"मलप्पाभाऊ," तो म्हणाला, "हे ग्रुपवर टाकू?"

ग्रुपवर सत्तेचाळीस माणसं आहेत. साहेब आहेत. वकारही आहे, गुडघे गेल्यावरही त्याला कुणी काढलेलं नाही.

"टाक," मी म्हणालो. "पद्धत हाय ती."

त्यानं टाकला. मी झाकणाकडं बघत होतो. एकवीस वर्षांत त्या झाकणावर माझ्या हातानं इतकं सरळ, इतकं सुरेख नाव कधी उमटलं नव्हतं, आणि ते नाव तिचं होतं. याचाही मला राग आला. मी जीपमध्ये जाऊन बसलो आणि वकारनं पाठवलेल्या भाकरी मागून घेतल्या.